उजवं दार

आमची पेजो, चारशे चार,
अकरा वर्षं फल्लाना वेशीबाहेर उभी होती.
टपावर शेळ्या चढत.
मागच्या सीटच्या काथ्यात एका मांजरीच्या तीन पिढ्या झाल्या.
बाप गेला तेव्हा टाकी अर्धी भरलेली होती,
तिला कुणी हात लावला नाही,
पेट्रोलचा हळूहळू डिंक झाला.

यंदा शिवणाचे पैसे साठले.
मकिना गिरगिरमध्ये बसते मी,
मशीनच्या आवाजावरूनच नाव पडलेल्या गल्लीत,
उजवीकडून चौथं मशीन माझं.
गेरमामेला म्हटलं, उघड.

त्याने बॉनेट वर केलं आणि हसतच सुटला.
"ये, बघ तुझ्या बापाने हिला कसं कसं फसवलंय."
रेडिएटरच्या भोकात साबण.
पंख्याच्या पट्ट्याच्या जागी कुणाचा तरी लांब मोजा.
पेट्रोलच्या नळीला टोमॅटोच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला,
त्यावरची इटालियन अक्षरं अजून लाल.
आणि कार्ब्युरेटरच्या दांडीला
आयच्या कानातल्याचा आकडा,
चांदीचा,
जो हरवला म्हणून सातव्या वर्षी मी थोबाडीत खाल्ली होती.
तेव्हा बाप समोरच बसला होता,
दाताने खाटची पानं खुडत,
आणि एक शब्द बोलला नाही.

पिस्टन दिरे दावाहून आले, वर्तमानपत्रात गुंडाळून.
बुश गेरमामेने लेथवर कातले.
रंग खरवडताना टॅक्सीच्या निळ्याखाली राखाडी लागला,
राखाडीखाली एक पिवळसर,
ज्याबद्दल आयलाही काही सांगता येईना.
सीटची कव्हरं मी शिवली. तीन सुया मोडल्या.
टोरांटोहून सफवानने दाराचं कुलूप पाठवलं,
कापसात ठेवलेलं, दागिन्यासारखं,
सोबत चिठ्ठी: *आता तरी ते दार नीट करा.*

ते दार म्हणजे उजवं.
आतून उघडायचंच नाही.
बाप गाडी थांबवायचा, उतरायचा,
बॉनेटवर हात टेकवत पुढून वळसा घालायचा
आणि बाहेरून उघडायचा.
काजी असो, हमाल असो,
भाजीचं गाठोडं मांडीवर घेतलेली बाई असो.
देंगेगोच्या घाटात रेडिएटर उकळला तरी
आधी दार, मग पाणी.
अख्ख्या हरारमध्ये त्याचं नाव झालं,
काय अदब आहे माणसाला!
आयला तो लग्नाच्या दिवशी याच गाडीतून घेऊन आला.
तिने ती अदब खरीच मानली असणार.
मी एकदा विचारलं होतं, दुरुस्त का करत नाहीस?
म्हणाला, दोनशे बिर्र पडतील.
तेवढंच कारण असेलही.

शुक्रवारी गाडी सुरू झाली.
खोकली, काळं ओकली,
मग लहानपणी झोपेत ऐकू यायचा
तो आवाज लागला तिला.
आयने नवी शाल काढली.
मावशीच्या दारापर्यंत गेलो, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये,
पोरं मागे धावत होती.
मी गाडी बंद केली.
आय बसून राहिली,
पिशवी मांडीवर, हात पिशवीवर,
नजर पुढच्या काचेतून बॉनेटकडे.

"आय, आता आतून उघडतं. ती कडी ओढ."
"हो का," म्हणाली.
कडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.
वरच्या मजल्यावरून मावशी वाकून बघत होती.
मी उतरले.
पुढून वळसा घातला,
बॉनेट तापलेलं होतं, हात टेकवला तर भाजला,
तो रोज कसा टेकवायचा कोण जाणे,
आणि दार उघडलं.

आयने एक पाय बाहेर ठेवला,
शाल सावरली,
माझा खांदा धरून उभी राहिली.

"तो जरा लवकर यायचा," म्हणाली.